सशाने ओळखलं ते नेमकं कोणाला?

(पॉडकास्टच्या या भागाचा लिखित मजकूर. बोलले तसंच बरंचसं ठेवलंय, ‘अं’ आणि ‘म्हणजे काय की’ तेवढे गाळलेत.)

आजच्या भागाचा नायक आहे ससा. कासवाशी हरणारा नव्हे. पांढराशुभ्र, लाल डोळ्यांचा, तीन-चार किलो वजनाचा. जातीचं नाव न्यूझीलंड व्हाइट. नाव न्यूझीलंडचं, पण जात तयार झाली अमेरिकेत, ते एक असो. जगातल्या जवळपास कुठल्याही जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत जा आणि फ्रीझर उघडा, तिथे या सशाच्या रक्तातून काढलेलं काहीतरी इवल्याशा नळीत गोठवून ठेवलेलं सापडेल. नळीवर लिहिलेलं असतं ‘रॅबिट पॉलिक्लोनल’ आणि पुढे माणसाच्या कुठल्यातरी प्रोटीनचं नाव.

तुमच्यापैकी जे बायोटेक किंवा मायक्रोबायोलॉजी करताय त्यांनी ही नळी हातात धरली असेल, आणि सरांनी किंवा मॅडमनी ‘जपून हं, महाग आहे’ असं बजावलं असेल. खरंच महाग असते. शंभर मायक्रोलिटर, म्हणजे जेमतेम दोन थेंब, आणि किंमत तीस-चाळीस हजार रुपयांच्या घरात सहज जाते. बाकीच्यांनी का ऐकायचं? कारण या दोन थेंबांनी काय पाहिलं, यावर कधीकधी कॅन्सरच्या औषधांबद्दलचे वाद उभे राहतात. त्यातला एक आज सांगणार आहे. पण आधी ही वस्तू बनते कशी ते बघू.

महाराष्ट्रात राहणाऱ्या माणसाला हे समजायला फार लांब जावं लागत नाही. सर्पदंशावरची लस आपल्याला माहीत आहे. खरं तर ती लस नाही, सीरम आहे. नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चार सापांचं विष अगदी थोडं थोडं घोड्याला टोचतात. घोड्याचं शरीर त्या विषाविरुद्ध अँटिबॉडी तयार करतं. मराठीत पाठ्यपुस्तकात ‘प्रतिपिंड’ म्हणतात. मग घोड्याचं रक्त काढून, त्यातून त्या अँटिबॉडी वेगळ्या करून बाटलीत भरतात. मुंबईच्या हाफकिनचं नाव या कामाशी अनेक पिढ्या जोडलेलं आहे. आता घोड्याच्या जागी ससा ठेवा, आणि विषाच्या जागी माणसाच्या प्रोटीनचा एखादा तुकडा. झालं! तीच युक्ती.

सशाला तो तुकडा परका वाटतो. काही आठवड्यांच्या अंतराने तीन-चार वेळा टोचला की त्याची प्रतिकारशक्ती चवताळते. मग कानाच्या रक्तवाहिनीतून एका वेळी वीसेक मिलिलिटर रक्त काढायचं. रक्त गोठू दिलं की वर जो पिवळसर द्रव राहतो ते सीरम, आणि त्यात अँटिबॉडी. उंदरापासूनही हे करता येतं, पण उंदराचा जीव केवढा! त्याच्याकडून सीरम मिळणार काही थेंब. ससा त्या मानाने बराच उदार.

एक गंमत लक्षात घ्या. तुकडा सशाला परका वाटायला हवा, नाहीतर सगळं फुकट. युबिक्विटिन नावाचं एक छोटं प्रोटीन आहे, ७६ अमिनो आम्लांचं. ते माणसात आणि सशात अक्षरशः एकसारखं आहे. ते टोचलंत तर ससा म्हणणार, हा तर घरचाच माणूस, याच्यावर कशाला भुंकायचं? म्हणून अशा प्रोटीनसाठी लोक कधीकधी कोंबडीकडे वळतात. ती उत्क्रांतीत आपल्यापासून जास्त लांब आहे.

आता ‘पॉलिक्लोनल’ या शब्दाकडे येते, कारण सगळी मेख तिथे आहे.

समजा गावात एक माणूस शोधायचाय. तुम्ही दहा जणांना त्याचा फोटो दाखवला. एकाने त्याची मिशी लक्षात ठेवली, दुसऱ्याने कपाळावरचा व्रण, तिसऱ्याने टोपी, चौथ्याने चालण्याची ढब. सशाच्या शरीरात असंच होतं. अँटिबॉडी बनवणाऱ्या पेशींची वेगवेगळी कुळं असतात आणि प्रत्येक कूळ त्या प्रोटीनचा वेगळा कोपरा ओळखतं. ही सगळी कुळं एकत्र म्हणजे पॉलिक्लोनल. याउलट एकाच कुळाची अँटिबॉडी म्हणजे मोनोक्लोनल. ती बनवायची रीत कोहलर आणि मिल्स्टाइन यांनी १९७५ साली शोधली आणि १९८४ साली त्यांना नोबेल मिळालं.

दहा जण असण्याचा फायदा उघड आहे. प्रयोगात आपण प्रोटीनचे फार हाल करतो. उकळतो, साबणासारख्या रसायनात घालतो, फॉर्मलिनमध्ये बुडवतो. त्यात त्याचा आकार पार बिघडतो. टोपी उडाली, चाल बदलली, तरी व्रण ओळखणारा कोणीतरी असतोच. म्हणून पॉलिक्लोनल अँटिबॉडी दणकट असतात आणि सिग्नलही चांगला देतात. तोटाही त्याच गोष्टीत आहे. ज्याने फक्त मिशी लक्षात ठेवली तो गावातल्या प्रत्येक मिशीवाल्याकडे बोट दाखवणार. आणि प्रयोग करणाऱ्याला कळणारही नाही की बोट दहा जणांपैकी कोणी दाखवलं!

शिवाय सीरममध्ये फक्त आपल्या कामाच्या अँटिबॉडी नसतात. सशाने जन्मभरात जे जे जंतू पाहिले त्या सगळ्यांविरुद्धच्या असतात. आपल्या कामाच्या त्यात अल्पसंख्य. म्हणून चांगले लोक त्या वेगळ्या करतात. ज्या तुकड्याने ससा टोचला तोच तुकडा बारीक मण्यांवर चिकटवायचा, त्यावरून सीरम सोडायचं, जे चिकटेल तेवढंच ठेवायचं. याला ॲफिनिटी शुद्धीकरण म्हणतात. विकत घेताना नळीवर ‘ॲफिनिटी प्युरिफाइड’ आहे की नुसतं सीरम, हे आधी बघा.

ही अँटिबॉडी वापरतात कशी? सगळ्यात प्रसिद्ध रीत म्हणजे वेस्टर्न ब्लॉट. पेशी फोडायच्या, त्यातली प्रोटीन्स जेलमधून विजेच्या जोरावर पळवायची. लहान प्रोटीन पुढे जातं, मोठं मागे रेंगाळतं, लोकलच्या गर्दीतून शाळकरी पोरगं सटकावं तसं. मग ही सगळी रांग एका कागदासारख्या पडद्यावर उतरवून घ्यायची. पडद्यावरच्या रिकाम्या जागा भरायला काय वापरतात माहितीये? दुधाची पावडर, साय काढलेली. लाखो रुपयांच्या यंत्रांशेजारी दुधाच्या पावडरचा डबा, हे दृश्य मला फार आवडतं. मग सशाची अँटिबॉडी घालायची. तिला शोधायला दुसरी अँटिबॉडी, बहुतेक वेळा बकरीची, जी सशाच्या कुठल्याही अँटिबॉडीला चिकटते. बकरीवालीच्या शेपटाला एक एन्झाइम बांधलेलं असतं. ते हॉर्सरॅडिश नावाच्या, मुळा-मोहरीच्या कुळातल्या तिखट मुळापासून मिळतं. (आपल्या शेवग्याला इंग्रजांनी ‘हॉर्सरॅडिश ट्री’ म्हटलं ते मुळाची चव तशी लागते म्हणून. हे एन्झाइम मात्र शेवग्याचं नाही.) एन्झाइममुळे प्रकाश पडतो आणि पडद्यावर काळी पट्टी दिसते. पट्टी कुठे आहे त्यावरून प्रोटीनचं वजन कळतं.

दुसरी रीत, पॅथॉलॉजी लॅबमधली. गाठीचा पातळ काप काचेवर घ्यायचा, अँटिबॉडी घालायची आणि जिथे प्रोटीन असेल तिथे तपकिरी रंग येतो. इथे वजन कळत नाही. फक्त तपकिरी आहे की नाही, एवढंच. हे लक्षात ठेवा, पुढच्या गोष्टीत लागणार आहे.

एपो. एरिथ्रोपोएटिन. तुमच्या ओळखीत कोणी डायलिसिसवर असेल तर हे इंजेक्शन तुम्ही ऐकलं असेल. मूत्रपिंड हे हार्मोन बनवतं आणि ते मज्जेला सांगतं, लाल पेशी तयार करा. मूत्रपिंड निकामी झालं की हिमोग्लोबिन घसरतं. १९८९ साली अमेरिकेत हे औषध म्हणून मंजूर झालं आणि असंख्य डायलिसिस रुग्णांचं वारंवार रक्त चढवणं टळलं. पुढे केमोथेरपीमुळे रक्त कमी झालेल्या कॅन्सर रुग्णांनाही ते देऊ लागले. डोक्यात हिशोब सरळ होता. रक्त वाढलं की गाठीला ऑक्सिजन जास्त मिळेल, मग रेडिएशनचा परिणामही वाढेल.

२००३ साली ‘लॅन्सेट’मध्ये एक चाचणी छापून आली. डोकं आणि मान या भागातला कॅन्सर असलेले ३५१ रुग्ण. अर्ध्यांना रेडिएशनसोबत एपो, अर्ध्यांना रेडिएशनसोबत नुसता प्लासिबो. हिमोग्लोबिन वाढलं, पण एपो घेतलेल्यांचा कॅन्सर जास्त वाईट वागला. सगळे हादरले. असं का व्हावं?

एक उत्तर फार आकर्षक होतं. एपोचं काम चालतं ते पेशीवरच्या रिसेप्टरमधून. कुलूप म्हणा. कॅन्सरच्या पेशींवरही हेच कुलूप असेल तर? मग आपण गाठीलाच खतपाणी घालतोय! आणि लोकांनी गाठींचे काप तपासले तेव्हा बऱ्याच गाठी तपकिरी झाल्या. रिसेप्टर आहे, असा निष्कर्ष. त्याच चाचणीतल्या काही रुग्णांच्या गाठी तपासून २००६ साली असंही छापून आलं की ज्यांच्या गाठीत रिसेप्टर दिसला त्यांनाच एपोमुळे नुकसान झालं. किती नेटकं बसलं बघा.

या तपासणीत वापरलेली अँटिबॉडी होती सशाची, पॉलिक्लोनल. नाव सी-२०. बाजारात मिळणारी, अनेकांनी वापरलेली.

त्याच वर्षी ‘ब्लड’ या नियतकालिकात दुसरा एक लेख आला. त्यांनी सी-२० आणि तिच्यासारख्या इतर अँटिबॉडी वेस्टर्न ब्लॉटवर घातल्या. रिसेप्टरचं वजन ५९ किलोडाल्टनच्या आसपास. पण सी-२०ची एक ठळक पट्टी येत होती ६६च्या आसपास. एरवी लोक म्हणतात, साखरेचे रेणू चिकटले असतील, प्रोटीनचं वजन थोडंफार इकडेतिकडे होतंच. यांनी सोडून दिलं नाही. ती पट्टी कोणाची ते शोधून काढलं. ते निघालं एचएसपी-७०, म्हणजे हीट शॉक प्रोटीन. पेशी तणावात असली की तिच्यात वाढणारं, आणि कॅन्सरच्या गाठींमध्ये बऱ्याचदा भरपूर असणारं. रिसेप्टरच्या ज्या तुकड्यावर ससा ‘शिकला’ होता त्याच्यात आणि एचएसपी-७०मध्ये एक लहानसा भाग सारखा होता. मिशी! गावातला दुसराच मिशीवाला.

आता विचार करा. काचेवरच्या कापात वजन कळत नाही. तपकिरी म्हणजे तपकिरी. तर ज्या गाठी तपकिरी दिसल्या त्यांत रिसेप्टर होता की तणावातलं एचएसपी-७०? सी-२० वापरून याचं उत्तर देताच येत नाही. निष्कर्ष चूक ठरला असं नव्हे. तो बिनआधाराचा ठरला, आणि माझ्या मते हे जास्त वाईट. चूक असती तर निदान दुरुस्त तरी करता आली असती.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. हे दाखवणारे संशोधक ॲमजेन कंपनीचे होते, आणि ॲमजेन एपो विकते. म्हणजे ‘गाठीवर रिसेप्टर नाही’ हे सिद्ध झालं तर फायदा कोणाचा, ते उघड आहे. म्हणून त्यांचं ऐकायचं नाही का? मी म्हणते, ऐकायचं आणि प्रयोग तपासायचा. पट्टी कोणाची ते त्यांनी उघड्यावर दाखवलं होतं, ते कोणालाही करून बघता येतं. नंतर नवी मोनोक्लोनल अँटिबॉडी बनवून त्यांनी बऱ्याच कॅन्सर-पेशींत रिसेप्टर अगदी कमी किंवा नसल्यासारखा असल्याचंही दाखवलं. काही संशोधकांना ते आजही पटलेलं नाही.

आणि औषधाचं काय? अँटिबॉडी खोटी निघाली म्हणून औषध निर्दोष ठरत नाही, इथे बरेच जण घसरतात. रुग्णांचं नुकसान चाचण्यांमध्ये दिसलं होतं, कापांमध्ये नव्हे. मार्च २००७मध्ये अमेरिकेच्या एफडीएने या औषधांच्या माहितीपत्रकावर काळ्या चौकटीतला इशारा छापायला लावला, तो चाचण्यांच्या आधारावर. नुकसान खरं, फक्त त्याचं जे कारण सगळ्यांना पटलं होतं ते सशाच्या भरवशावर उभं होतं.

आता तुम्ही विचाराल, तपासण्याचे उपाय नव्हते का? होते. एक तर फार लोकप्रिय आहे आणि मला त्याचा राग येतो. ज्या तुकड्याने ससा टोचला तो तुकडा अँटिबॉडीत आधी मिसळायचा. मग रंग नाहीसा झाला तर म्हणायचं, बघा, अँटिबॉडी खरी! अहो, पण मिशी ओळखणाऱ्याच्या हातात आधीच ती मिशी दिलीत तर तो खऱ्या माणसाकडेही जाणार नाही आणि दुसऱ्या मिशीवाल्याकडेही नाही. दोन्ही पट्ट्या जाणारच. यातून एवढंच कळतं की अँटिबॉडी त्या तुकड्याला चिकटते. ते तर आपल्याला माहीतच होतं, त्यासाठीच ससा टोचला.

खरा उपाय म्हणजे ज्या पेशीत ते जनुकच काढून टाकलंय अशी पेशी. क्रिस्परमुळे हे आता बरंच सोपं झालंय. प्रोटीन नसलेल्या पेशीतही पट्टी आली तर ती पट्टी दुसऱ्याची. संपला विषय. वायकॅरोस नावाच्या गटाने हेच मोठ्या प्रमाणावर केलं. मेंदूशी संबंधित ६५ प्रोटीन्स, त्यांच्यासाठी बाजारात मिळणाऱ्या ६१४ अँटिबॉडी, आणि प्रत्येकीसाठी जनुक काढलेल्या पेशी. बऱ्याच अँटिबॉडी नापास झाल्या. कौतुकाची गोष्ट अशी की विकणाऱ्या कंपन्या यात स्वतःहून सामील होत्या, आणि निकालानंतर काहींनी आपला माल मागे घेतला.

पण ससा-पॉलिक्लोनल म्हणजे वाईटच, असं समजून हेडफोन काढू नका. स्वीडनमधला ‘ह्यूमन प्रोटीन ॲटलस’ हा प्रकल्प बघा. २००३ साली मथियास उलेन यांच्या पुढाकाराने सुरू झालेला. माणसाच्या वीसेक हजार जनुकांची प्रोटीन्स शरीरात कुठे कुठे आहेत याचा नकाशा काढायचा, असा हा उद्योग. आणि मुख्य हत्यार कोणतं? ससा-पॉलिक्लोनल! फक्त त्यांनी डोकं आधी वापरलं. सशाला टोचायचा तुकडा कॉम्प्युटरवर निवडला, त्या प्रोटीनचा असा भाग जो माणसाच्या इतर कुठल्याही प्रोटीनशी कमीत कमी जुळतो. म्हणजे मिशी दाखवायचीच नाही, व्रणच दाखवायचा. मग सीरम दोन चाळण्यांतून गाळलं. पहिल्या चाळणीत तुकडा बनवताना जोडलेल्या शेपटाविरुद्धच्या अँटिबॉडी काढून टाकल्या, दुसरीत खऱ्या तुकड्याला चिकटणाऱ्या तेवढ्या ठेवल्या. मग ३८४ वेगवेगळे तुकडे एका काचेवर मांडून बघितलं, ही आपल्याच तुकड्याकडे जाते ना? २०१५ साली ‘सायन्स’मध्ये त्यांनी नकाशा छापला तेव्हा सुमारे २४ हजार अँटिबॉडी आणि जवळपास १७ हजार जनुकं त्यात होती.

आणि यात आपला मुंबईचा वाटा आहे, हे फार कमी जणांना माहितीये. स्वीडनमध्ये रंगवलेल्या कापांची चित्रं इंटरनेटवरून मुंबईला यायची आणि लॅब सर्जपॅथ इथले पॅथॉलॉजिस्ट ती डोळ्यांनी बघून नोंदी करायचे, कुठल्या पेशीत किती रंग. कंटाळवाणं काम आहे हे. पण त्याशिवाय नकाशावर नावं लिहिली गेली नसती.

ॲटलसच्या अँटिबॉडीही चुकतात, आणि ते स्वतःच प्रत्येकीपुढे किती भरवसा ठेवायचा ते लिहितात. त्याच परिवारातल्या संशोधकांनी २०१७ साली इस्ट्रोजेन रिसेप्टर बीटासाठीच्या १३ अँटिबॉडी तपासल्या. हे प्रोटीन १९९६ साली सापडलं, आणि तेव्हापासून स्तनाच्या कॅन्सरमध्ये त्याची भूमिका काय यावर लेखांमागून लेख आले. १३पैकी सगळ्या कसोट्यांना उतरलेली निघाली फक्त एक, आणि तीही उंदराची मोनोक्लोनल. तिने पाहिलं तर स्तनाच्या ऊतीत, निरोगी असो वा कॅन्सरची, हे प्रोटीन दिसेना! वीस वर्षं, मंडळी. त्या लेखांमागे रुग्णांनी दिलेले गाठींचे नमुने आहेत, कोणाकोणाची पीएचडी आहे.

तर उद्या तुमच्या हातात ती नळी आली तर काय कराल? लॉट नंबर लिहून ठेवा. पॉलिक्लोनलमध्ये लॉट बदलला म्हणजे बऱ्याचदा ससाच बदललेला असतो. तोच कॅटलॉग नंबर, तीच किंमत, पण दहा माणसं वेगळी. थीसिस अर्धा झाल्यावर पहिला ससा वारला तर तुमचा प्रयोग परत होईल याची खात्री नाही. पट्टी अपेक्षित वजनावर नसेल तर कारणं शोधत बसण्याआधी ती पट्टी कोणाची ते शोधा. जनुक काढलेल्या पेशी परवडत नसतील तर निदान जिच्यात ते प्रोटीन बनतच नाही अशी पेशी शेजारच्या खान्यात घाला. ॲटलसच्या वेबसाइटवर कुठल्या पेशीत काय बनतं ते फुकट बघायला मिळतं, मोबाइलवरही. आणि गाइड म्हणाले ‘सगळे हीच वापरतात’, तर सी-२० आठवा. तीही सगळे वापरत होते.

सशाबद्दल बोलून थांबते. भारतात प्राण्यांवरच्या प्रयोगांना संस्थेच्या नीतिसमितीची परवानगी लागते. बाहेर कंपन्यांकडे हजारो ससे आणि बकऱ्या असतात, आणि २०१६ साली अमेरिकेतल्या एका मोठ्या अँटिबॉडी कंपनीला जनावरांच्या हेळसांडीच्या प्रकरणात ३५ लाख डॉलर भरावे लागले. आता सशाच्या एकाच चांगल्या पेशीतून अँटिबॉडीचं जनुक वाचून घेतात आणि पुढे ती पेशीसंवर्धनात बनवत राहतात. तिला रिकॉम्बिनंट म्हणतात. लॉट बदलत नाही, दर वेळी नवा ससा लागत नाही, आणि वायकॅरोसच्या तपासणीतही सगळ्यात चांगल्या याच ठरल्या. २०२० साली युरोपियन युनियनच्या संशोधन केंद्रानेही शिफारस केली की अँटिबॉडी बनवायला प्राणी वापरणं थांबवावं. आपल्याकडच्या कॉलेजांत अजून बहुतेक जुन्याच नळ्या आहेत, कारण त्या फ्रीझरमध्ये आधीपासून पडून आहेत आणि नव्या घ्यायला ग्रँट नाही.

तुमच्या फ्रीझरमध्ये कुठली आहे, आणि तिची पट्टी बरोबर जागी येते का, ते कमेंटमध्ये नक्की लिहा. भेटू पुढच्या भागात.